पट्टी बांधणारी

नातवंडं आंधळी कोशिंबीर खेळायला लागली की मी उठून आत जाते. सुनेला वाटतं, सासूबाईंना गलका सोसत नाही. वाटू दे. गलक्याचं मला काही नाही. अर्धा जन्म घमापुरात गेला, तो गलक्यातच गेला. मला पाहवत नाही ती गाठ. एक पोर दुसऱ्याच्या मागं उभं राहतं, ओढणीची घडी करतं आणि जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून गाठ मारतं. "दिखता तो नहीं ना?" असं वर विचारतं. तेवढं ऐकलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो. सत्तरी ओलांडली तरी सुटतो. आमच्या आखाड्यात डोळ्यांना पट्टी बांधायचं काम माझ्याकडं होतं. एकदा मी ती नको तशी बांधली, जाणूनबुजून बांधली, आणि त्यात आमच्या वस्तादांचा हात गेला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याच्या माथी ते बसलं त्या माझ्या सख्ख्या भावालाही नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं टिनाची पडवी. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या कामावर इकडं आले तेव्हा सगळं एकच राज्य होतं. मग नकाशा बदलला, नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं आणि आम्ही इकडं हिंदी मुलखात राहिलो. घरात मराठी, पडवीची पायरी उतरली की हिंदी. आई मात्र भाजीवाल्याशीसुद्धा मराठीतच हुज्जत घालायची, आणि गंमत म्हणजे त्याला सगळं समजायचं. बाबा फॅक्टरीत होते. पहिला भोंगा झाला की आई स्टोव्हला पंप मारायची, त्याचा आधी खोकल्यासारखा आणि मग भरून आलेला आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कधी रात्रीचं वांग्याचं भरीत, असा बाबांचा डबा. आणि तव्याच्या कडेला एका वाटीत पातळ केलेलं तूप, ते दादाचं. प्रभाकर, माझा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. "आखाड्याचं पोरगं आहे, त्याले लागते," असं आई म्हणायची. पुढं मीही आखाड्यात जाऊ लागले, तरी वाटी एकच राहिली. मी त्यावरून किती तोंड वाजवलं असेल! जात्याच फटकळ मी. आई म्हणायची, "ओ माय, तुले सासरी कोण ठेवून घेईल व?"

विहाराच्या मागं, कोळशाच्या डेपोला लागून एक लांब शेड होतं, तोच आखाडा. कुस्तीचा नव्हे, काठीचा. लाठी, दांडपट्टा, तलवार आणि बनेठी, म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली ती फिरवायची काठी. वस्ताद रेल्वेत फिटर होते. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण घेत कोणीच नसे, त्यांची बायकोसुद्धा "वस्ताद जेवले काय?" असंच विचारायची. ठेंगणा, सावळा माणूस, आणि आवाज इतका हळू की शेवटच्या रांगेतल्यानं श्वास रोखून ऐकावं. मारलं त्यांनी कधी कोणाला नाही. रागावले की ते आणखी हळू बोलायचे. त्यांची मुलगी कुसुमताई खेळायची, म्हणून वस्तीतल्या आणखी दोन-तीन मुलींना घरून सोडलं, त्यातली मी एक. पहाटे काठ्यांची टकटक सुरू झाली की डेपोतली कबुतरं उडायची आणि थोड्या वेळानं परत येऊन बसायची. खेळ संपला की भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा. तो खडा मी गालात धरून घरापर्यंत पुरवायची.

शिस्त मात्र अशी होती की आजच्या पोरांना सांगितली तर हसतील. चपला दाराबाहेर, टाचा भिंतीकडं. आत पाय टाकला की हात मातीला, मग कपाळाला. खाली पडलेली काठी ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. ओलांडली की पन्नास बैठका. काठी दुसऱ्याला द्यायची ती दोन्ही तळहातांवर आडवी ठेवून. झाडलोट, सडा, रांजण भरणं, काठ्यांना सरसोंचं तेल चोळणं, सगळं आमच्याकडं, नंबरानं. तेल चोळताना मी किती कंटाळायची! पण वस्ताद प्रत्येक काठी नाकाला लावून बघायचे आणि काल कोणी टाळाटाळ केली ते बिनचूक ओळखायचे. मोठ्या पट्ठ्यानं, म्हणजे वस्तादांच्या खालोखालच्या चेल्यानं सांगितलेल्या गोष्टीला आखाड्यात उलट उत्तर नाही. एकदा सलामी झाली की रिंगणात वस्तादांशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. आणि चूक झाली तर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणी विचारायचंही नाही. ज्याची चूक त्यानं आपण होऊन पुढं यायचं आणि आपली काठी वस्तादांच्या पायापाशी आडवी ठेवायची. तोवर खेळ बंद. एकदा रांजण फुटला तेव्हा आम्ही सगळे घंटाभर तसेच उभे होतो. शेवटी एक चांगला मिशीवाला गडी रडत रडत पुढं गेला, तेव्हा सुटका झाली.

त्या वेळी मोठा पट्ठा होता माझा दादा. उंच, पिळदार, आणि आपण चांगले दिसतो हे पक्कं ठाऊक असलेला. जयंतीच्या मिरवणुकीत त्याचा एक खेळ व्हायचा, त्याला 'आंधळा वार' म्हणत. चौकात लोक गोल उभे राहायचे. वस्ताद मांडी घालून बसायचे, पुढ्यातल्या पाटावर उजवा हात उताणा ठेवायचे आणि तळहातावर एक लिंबू. दादाच्या डोळ्यांना काळी पट्टी. तो तलवारीचे तीन फेरे घ्यायचा आणि चौथ्याला वार. लिंबाच्या दोन फोडी, हाताला ओरखडा नाही. बायामाणसं तोंडावर पदर धरायची. बाबा एरवी दादाशी चार शब्द बोलत नसत, पण त्या दिवशी फॅक्टरीतल्या सोबत्यांना मुद्दाम बोलावून आणायचे.

पट्टी बांधायची कुसुमताई. तिचं लग्न होऊन ती इटारसीला गेली तेव्हा वस्तादांनी ते काम मला दिलं. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि माझ्याच डोळ्यांना पट्टी बांधली. "दिसते काय?" मी म्हटलं, नाही. "हनुवटी जरा वर घे. आता नाकाच्या बाजूनं खाली पाह्य." मी पाहिलं. नाकापाशी कापडाला एक चुणी होती, तिच्यातून जवाएवढी फट राहिली होती, आणि त्या फटीतून वस्तादांचा उताणा तळहात मला लख्ख दिसला. इतकी वर्षं मीही तोंडावर हात धरून तो खेळ पाहिला होता. मी म्हटलं, "पण वस्ताद, आपण लोकांना फसवूनच राहिलो न मग?" आखाड्यात असा प्रश्न कोणी विचारत नसे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खाली हात माझाच असते, शकुंतला." मग गाठ सोडता सोडता म्हणाले, "वर्षातून एक दिवस लोकायले वाटलं पायजे, का आपले पोरं डोळे झाकून बी नेमका वार करते. बाकी वर्षभर लोकं आपल्याले काय समजते, ते तुले ठाऊक आहे. हे कुसुमले माहीत होतं, प्रभाकरले माहीत आहे, आता तुले. पट्टी बांधणाऱ्यानं तोंड बांधून ठेवायचं."

मी तोंड बांधून ठेवलं, पण मनात ते बसलं नाही. अठरा वर्षांची होते. विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज आपोआप चढायचा आणि मी तिरक्या नजरेनं दादाकडं पाहायची. त्या वयात खरं काय आणि खोटं काय हे फार सोपं वाटतं. आज वाटतं, वस्तादांचं म्हणणं समजायला मला निदान चाळीशी गाठायला हवी होती. पण नुसतं तेवढंच असतं तर काही झालं नसतं. दोन जयंत्यांना मी पट्टी बरोबर बांधली, चुणी बरोबर पाडली. तिसऱ्या वर्षी जे झालं त्यात शील वगैरे काही नव्हतं, माझा राग होता.

मला बनेठी येत होती. चांगली येत होती, हे मी म्हणते असं नाही, वस्ताद म्हणत. त्या वर्षी मी त्यांना विचारलं, मिरवणुकीत फिरवू का? ते म्हणाले, "प्रभाकरले विचार, रिंगण तो लावते." दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे रांगेत उभे असताना मी विचारलं. दादानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काठीला तेल चोळता चोळता म्हणाला, "पोरी आता सडकेवर बनेठी फिरवतील? लोग क्या कहेंगे, बाप्पा! तू पट्टी बांध, तेवढं पुष्कळ झालं." सगळी रांग हसली. मोठ्या पट्ठ्याला उलट उत्तर नाही, म्हणून मी गप्प राहिले. घरी आल्यावर भांडायला मोकळी होते, पण घरी आई त्याच्या भाकरीवर तूप ओतत होती आणि मला म्हणाली, "जाय व, त्याले पाणी दे." मी पाणी दिलं. गडवा असा आदळला की त्यातलं अर्धं पाणी सांडलं, आणि त्यावरूनही दादा हसला. तो राग मी पंधरा दिवस जपला. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तशी रोज त्याला हात लावून पाहायची.

जयंतीच्या दिवशी दुपार टळली तेव्हा मिरवणूक घमापूरच्या चौकात आली. ऊन उतरलं होतं पण सडक अजून तापलेली होती. बुंदी आणि आलूच्या रश्श्याचा वास, ताशे, निळे झेंडे, गच्चीगच्चीवर माणसं. बाबा फॅक्टरीतल्या लोकांना घेऊन पुढं उभे होते. दादा खाली बसला, मी त्याच्या मागं उभी राहिले. कापडाची नेहमी दोन घड्यांची पट्टी असायची. मी तीन केल्या. चुणी पाडली नाही. नाकावर कापड चापून बसवलं आणि गाठ ताणून मारली. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं, आणि मी ते झाकणार नाही. रक्त माझ्या मनात नव्हतं. मला वाटलं, ह्याला आता काहीच दिसणार नाही. मग तो तलवार खाली ठेवील, वस्तादांच्या पाया पडेल, म्हणेल, आज नाही जमत. लोक हसतील. बाबा मान खाली घालतील. आणि ते का झालं हे फक्त त्याला आणि मला कळेल. बस्स, एवढंच हवं होतं मला.

रिवाजाप्रमाणे गर्दीतल्या एकानं येऊन दादाच्या डोळ्यांपुढं हात हलवून पाहिला. "पक्की है!" असं तो ओरडला, आणि सगळे हसले. दादा उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं तलवारीचं टोक मातीला लावलं, कपाळाला लावलं. सलामी झाली. आता रिंगणात कोणी बोलायचं नव्हतं. पहिला फेरा. दुसरा फेरा. फटीतून पाहताना त्याची हनुवटी नेहमी किंचित वर असायची. ती आज खाली होती, छातीकडं वळलेली. मी पाहिलं. वस्ताद समोरच बसले होते, त्यांनीही पाहिलं असणार. थांब, हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. नियम आडवा आला असं लिहायला सोपं आहे, आणि कित्येक वर्षं मी स्वतःला तसंच सांगितलं. पण खरं असं की मी अजून वाट पाहत होते. आता थांबेल, आता थांबेल, आणि मला ते बघायचं होतं. तिसरा फेरा झाला आणि तलवार खाली आली.

लिंबू कापलं गेलं. एक फोड उडून गर्दीत गेली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वस्तादांनी हात छातीशी ओढून घेतला, गळ्यातला गमछा काढून शांतपणे हातावर गुंडाळला, उठून उभे राहिले आणि डावा हात उंचावून "जय भीम" म्हणाले. तो खेळ शेवटापर्यंत नेला त्यांनी, सलामीसकट. ताशे पुन्हा सुरू झाले, मिरवणूक पुढं सरकली. दादानं पट्टी ओढून काढली तेव्हा त्याला सगळीकडं आधी लोकांचे हसरे चेहरेच दिसले असतील. मग त्यानं पाटावरचं रक्त पाहिलं. त्याच्या तोंडाचा रंग उडालेला मी पाहिला, आणि मी ती पट्टी जमिनीवरून उचलून घाईघाईनं पोलक्यात खुपसली. वस्तादांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही जागेवर राहिली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. ती बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. काठी धरणाऱ्याला विचारा, काठी अंगठ्यानं धरत नाहीत. तिला खरी पकड असते ती ह्याच दोन बोटांची.

आठव्या दिवशी वस्ताद आखाड्यात आले, हात गळ्यात बांधलेला. आम्ही सगळे रांगेत उभे. ते नेहमीच्या जागी बसले आणि काही बोलले नाहीत. बोलायचं नसतंच. दादा पुढं गेला, त्यानं आपली काठी त्यांच्या पायापाशी आडवी ठेवली आणि तिथंच खाली मान घालून उभा राहिला. वस्तादांनी ती उचलायला हवी होती. त्यांनी उचलली नाही. ते रांगेकडं पाहत बसले. एकेकाकडं नाही, सगळ्यांकडं. डेपोत कोळशाचा ट्रक रिकामा झाला, त्याची धूळ दारातून आत आली, कोणीतरी खोकलं, स्टेशनाकडून इंजिनाची शिटी आली. माझ्या हातातली काठी घामानं ओली झाली होती. चार पावलं होती. मी मोजली होती, चारच. माझे पाय हलले नाहीत. दादानं एकदाच मान वळवून मागं पाहिलं, आणि मी जमिनीकडं बघू लागले. मग वस्ताद वाकले, डाव्या हातानं दादाची काठी उचलली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. काठी कोपऱ्यात गेली म्हणजे त्या माणसाला एक वर्ष आखाडा बंद. वर्ष संपल्यावरही दादा परत गेला नाही.

तो रिछाईत एका कारखान्यात लागला, लग्न झालं, पोरं झाली. बाबांनी त्यानंतर दादाच्या खेळाचं नाव काढलं नाही, आणि आईनं तुपाची वाटी तव्याशेजारी ठेवणं कधी बंद केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. वस्तीत चार लोक म्हणत, "पोराले घमेंड झाली होती, वस्तादाचा हात घेतला." माझ्यासमोर म्हणत. मी ऐकून घ्यायची. आणि वस्तादांनी काय केलं? मला मुलींची तुकडी शिकवायला दिली. "माझ्या हातानं दाखवता येत नाही, तू दाखव. मी बोलतो," असं म्हणाले. अकरा वर्षं मी त्यांचा हात होऊन शिकवलं. आंधळा वार बंद झाला, त्याबद्दल ते मला एकच वाक्य बोलले, "आता पट्टीचं काम नाही." त्यांना ठाऊक होतं काय? मी त्या वाक्याचा इतक्या वेळा कीस काढला आहे की आता त्याला काही अर्थच उरला नाही. चहा पिताना त्यांची ती दोन बोटं कपापासून दूर, ताठ उभी राहायची. नवी पोरं फिसफिस हसायची. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची काहीतरी ऐट आहे. मी त्या पोरांना बैठका काढायला लावायची.

वस्ताद गेले तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मी माहेरीच होते म्हणून पोचले. कुसुमताईनं त्यांचे दोन्ही हात छातीवर जोडून ठेवले. उजव्या हाताची दोन बोटं जुळेनात. तिनं एकदा दाबली, दोनदा दाबली, ती पुन्हा उभी. शेवटी ती म्हणाली, "राहू दे, शकू, त्यायले दुखत असेल," आणि माझ्या गळ्यात पडून रडली. ती मला समजावत होती. मला! मी मेले असते तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात दोन-तीनदाच खरोखर वाटलं, त्यातली ती एक वेळ.

गेल्या हिवाळ्यात मी दादाकडं गेले होते. तो आता मुलाजवळ असतो, रिछाईच्या पुढं. गच्चीवर कोवळ्या उन्हात आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो, मध्ये परात. वहिनी खाली स्वयंपाकात. मी ठरवून काही गेले नव्हते. एक शेंग हातात होती आणि मी म्हटलं, "दादा, ती पट्टी मी मुद्दाम तशी बांधली होती."

तो शेंगा सोलत राहिला. "मालूम है."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? पट्टी माझ्या डोळ्यावर होती, शकू."

"मग बोलला काहून नाहीस?"

"काय बोलू? का बाप्पा, दरसाल मले खालून दिसते, आज दिसून नाही राहिलं? वस्तादांची बोटं तर गेलीच होती, इज्जत बी घालवू?"

मी म्हटलं, "मला आजवर वाटत आलं, तू माझ्यासाठी गप्प राहिलास."

तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "तुझ्यासाठी? पगली आहेस. अगं, अंधार होता पुरा. तलवार खाली ठेवायले मले काय लागत होतं? पण बाबा उभे, त्यांची फॅक्टरी उभी, सारं घमापूर उभं. मी म्हटलं, वस्तादांना माझं तोंड दिसून राहिलं, ते समजतील, हात काढून घेतील. काढतीलच, म्हटलं. आणि मारलं."

म्हणजे मी दादा थांबायची वाट पाहत होते, दादा वस्तादांनी हात काढायची, आणि वस्तादांनी हात काढला नाही, कारण त्यांचा आपल्या पोरावर भरवसा होता की हा न दिसता मारणार नाही. तिघांपैकी एकानं तोंड उघडायचं होतं. मी हे त्याला सांगायला गेले, पण हुंदका आला आणि मी परातीवर वाकून रडायला लागले, म्हातारी बाई, पोरीसारखी. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, "काठी ठेवली तवा मी मागं पाहिलं होतं."

"पाहिलं होतंस. मला ठाऊक आहे."

"मले वाटलं, तू येशील. राग नव्हता गं तवा. आली असती तर बरं वाटलं असतं. दोघं असतो न मग." त्यानं सोललेले दाणे परातीत टाकले. "आता सांगून राहिली तू. आता वस्ताद कुठं आहेत?"

खालून वहिनीनं विचारलं, मटार झाले काय? "हो गया, हो गया," असं तो ओरडला आणि दोन शेंगा उरल्या होत्या त्या सोलू लागला. मी डोळे पुसले आणि त्याला सांगितलं की मी हे लहानपणाचं सगळं लिहून राहिले, आणि ह्याच्याशी येऊन अडले आहे. त्यानं शेवटची शेंग सोलली. मग म्हणाला, "लिही. पण माझं चांगलं चांगलं नको लिहू. दिसत नव्हतं तरी मारलं, असंच लिही."

तसंच लिहिते. त्याला दिसत नव्हतं, तरी त्यानं मारलं. पट्टी मी बांधली होती. आणि तो काठी ठेवायला पुढं गेला, तेव्हा मी रांगेत उभी राहिले.